तामूची पाठ

“या लेखिकाबाई! आज अंग धुवायला आलात, की आमची लक्तरं वेशीवर टांगायला?” हम्मामच्या दारात पैसे घेणाऱ्या झोहरानं टोमणा मारलाच.

महजूबानं पैसे मोजून दिले. गावच्या याच सार्वजनिक न्हाणीघरात तीस वर्षं तिनं बायकांची अंगं घासली होती. पन्नाशी उलटल्यावर ती मशिदीतल्या वर्गात अक्षरं शिकली आणि लिहायला लागली ती थांबेचना. मासिकात पहिली गोष्ट छापून आली तशी तिनं काम सोडलं. सफ्रू गावातल्या बायकांनी ती गोष्ट मोठ्या कौतुकानं एकमेकींना वाचून दाखवली, आणि लगेच त्यातल्या बाईत तामूला ओळखलं.

महजूबानं मैत्रिणीचं नाव बदललं होतं, गाव बदललं होतं, लोहार नवऱ्याला खाटीक केलं होतं. पाठ मात्र तीच ठेवली. डाव्या खांद्याखाली भाजल्याचा तो मोठा डाग! किटली सांडली, असंच तामू सगळ्यांना सांगत आलेली. नवऱ्यानं ओतली, हे एकट्या महजूबाला ठाऊक होतं. हम्मामातल्या बायका एकमेकींच्या पाठी चेहऱ्याइतक्याच ओळखतात, हे या शहाणीला लिहिताना सुचू नये!

आत वाफेत गप्पा रंगल्या होत्या. ती दिसताच सगळ्या चिडीचूप झाल्या. कोपऱ्यातली तामू उठली, तिच्यापुढे पाठ करून बसली आणि खरखरीत हातमोजा मागे टाकला.

“घास.”

महजूबाच्या जिवात जीव आला. एकीनं पाठ घासली की दुसरीनं तिची घासायची, ही इथली रीत. भांडण मिटणार होतं. काळा साबण लावून ती घासू लागली. डागाशी येताच हात सवयीनं वळसा घालून गेला.

“आता कशाला जपतेस?” तामू म्हणाली. “सगळ्या गावाला दाखवलास की.”

“चुकलं गं माझं.”

“लेकीनं गोष्ट वाचून दाखवली मला. त्यातली बाई शेवटी घर सोडून जाते म्हणे.”

“हो.”

“बरंय तिचं. मला संध्याकाळी त्याच्याच पुढ्यात जेवण ठेवायचंय. त्यालाही कुणीतरी वाचून दाखवलीय.”

महजूबाला रडू फुटलं. तामूनं अंगावर बादली ओतून घेतली, पंचा गुंडाळला आणि मागं न बघता बाहेर पडली. हातमोजा तिथंच राहिला.

बाकीच्यांपैकी कुणी जागची हलली नाही. थोड्या वेळानं महजूबानं हातमोजा चढवला. इतक्या पाठी घासलेला तिचा हात स्वतःच्या पाठीवर अर्ध्यापर्यंतच पोचला.