बटलरच्या कोटावरचा डाग

मी एक जुना काळा कोट आहे, पुढून आखूड आणि मागून दोन शेपट्यांचा. मित्रांनो, हसू नका. या शेपट्यांवर एका माणसाचे घर चालले.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या एका जर्मन शिंप्याने मला आपल्या मुलाच्या, आल्विनच्या लग्नासाठी शिवले. आल्विन नट व्हायला हॉलिवूडला निघाला तेव्हा मी त्याच्या पेटीत होतो. तिथे ज्याच्याकडे स्वतःचा असा कोट असे, त्याला चित्रपटातल्या मेजवानीच्या प्रसंगासाठी आधी बोलावणे येई. आम्ही कधी वेटर झालो, कधी राजदूत. आल्विनचा जन्म अमेरिकेतला, तरी पडद्यावर त्याला वडिलांसारखे जर्मन वळणाचे इंग्रजी बोलावे लागे. तेही ‘जेवण तयार आहे’ एवढेच!

अखेर त्याला बटलरचे काम मिळाले, पानभर भाषणासकट. अंगावर पांढरा सॉस सांडतो आणि बटलर तसाच उभा राहून मालकाला सुनावतो, असा प्रसंग होता. पहिल्या दिवशी दुरून चित्रीकरण झाले. चेहरा जवळून दुसऱ्या दिवशी घ्यायचा होता.

“डागाला हात लावायचा नाही हं!” कपडेपट सांभाळणाऱ्या मिसेस फ्लॅनरींनी बजावले.

आनंदाच्या भरात आल्विन हे घरी सांगायलाच विसरला. तो अंघोळीला गेला आणि मी त्याच्या बायकोच्या, हेडविगच्या हाती लागलो.

“एवढं मोठं काम आणि हा अवतार! लोक म्हणतील, बायको झोपा काढते.”

तिने मला घासूनपुसून कडक इस्त्री केली आणि पिशवीत घातले. मला वाचा असती तर मी बोंब ठोकली असती.

सकाळी स्टुडिओत पिशवी उघडली. दिग्दर्शक पर्सेल कडाडले, “डाग कुठाय? बटलर हवाय मला, नवरदेव नको!”

ब्रशने नवा डाग रंगवून पाहिला, पण कालच्याशी जुळेना. आल्विनने बायकोचे नाव घेतले नाही. “चूक माझी, साहेब,” एवढेच म्हणाला. पर्सेलनी भाषण ठेवले, पण पुढची बाजू दिसू नये म्हणून पाठीमागून घेतले.

चित्रपट लागला. हेडविगने शेजारणींनाही सोबत आणले होते. भाषण सुरू झाले आणि पडद्यावर नुसती माझी पाठ!

“अरे, तुझं तोंड कुठाय?” तिचा आवाज रडवेला झाला.

“पर्सेलना तुझी इस्त्री आवडली गं. म्हणाले, अशी पाठ बघायला मिळते कुठे?”

“खरंच?” म्हणत ती शेजारणीकडे वळली. “ती इस्त्री माझी बरं का!”

आल्विनला पुन्हा कधी पानभर भाषण मिळाले नाही. मला त्याचे आजही वाईट वाटते. हेडविग मात्र प्रत्येक कामाआधी माझी पाठ दोनदा इस्त्री करायची आणि तो कौतुकाने बघत उभा राहायचा.

मित्रांनो, कपडे जरूर जपा. आणि जपता जपता कोणाचा हात चुकलाच, तर त्या माणसालाही जपा.