आ कर, शरू

पाळी आली की माझा जबडा आखडतो. कानापुढचा सांधा ठणकत राहतो आणि तोंडात जेमतेम एक बोट जातं. पाळी सरली की हळूहळू सैल होतो, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. सावेडीतले दातांचे डॉक्टर म्हणाले, "काही बायकांना त्या दिवसांत जास्त दुखतं. शेक घ्या, मऊ खा." हे थांबेल का, असं विचारलं, तर ते औषध लिहीत राहिले.

माझी लेक शरू वर्षाची आहे. तिला भरवताना आधी मी आ करते, मग बघून ती करते. आज वरणभाताचा घास पुढे धरला, पण मला आ करता येईना. नुसते ओठ विलगले. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि तेवढेच ओठ विलग केले. घास हनुवटीवरून खाली सांडला.

"अगं, तू उघड की नीट," सासूबाई म्हणाल्या.

"उघडत नाही, आई."

"पाळी आम्हाला पण यायची. म्हणून काय तोंड शिवून बसायचो का आम्ही?"

त्यांनी वाटी घेतली आणि भलामोठा आ केला. शरूने तिकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. मग तिने इवलासा तळवा उचलून कानापाशी दाबून धरला, दिवसभर मी धरते तसा.

"बघ, तुझी नक्कल," सासूबाई हसल्या.

मी कानापाशी गेलेला माझा हात झटकन खाली घेतला. तिने तिचा घेतला नाही.