रस्त्यापलीकडचं चॉकलेट

"अंगावर काहीतरी पांढरं असू दे. आणि गाडीवाल्याच्या डोळ्याला डोळा भिडल्याशिवाय रस्त्यात पाऊल टाकायचं नाही." हॅलोवीनच्या संध्याकाळी आम्ही भावंडं नाना वेष करून, 'ट्रिक ऑर ट्रीट', म्हणजे 'गोड द्या नाहीतर खोडी काढू', असं ओरडत दारोदार गोड मागायला निघालो की आई हे बजावायची आणि प्रत्येकाच्या पाठीवर उशीच्या जुन्या अभ्र्याचा तुकडा टाचायची. राक्षस असो की राजकन्या, मागून सगळे सारखेच. लाज वाटायची, पण सगळे धडधाकट घरी यायचो.

हल्लीच्या आयांना जिवापेक्षा फोटोची काळजी. माझी सून कॅरिसा त्यातलीच. यंदा तिनं माझ्या सात वर्षांच्या नातीला, हॅटीला, वटवाघूळ केलं. नखशिखांत काळं, वर मुखवटा, त्याला डोळ्यांच्या जागी बटणाएवढी भोकं. मी चमकणारी पांढरी पट्टी पुढे केली.

"आई, प्लीज! फोटोत ती पट्टीच दिसते, पोरगी दिसत नाही."

"गाडीवाल्याला तेवढी दिसली तरी पुरे."

"वटवाघळाला पट्टी असते का कधी?"

"वटवाघूळ रस्ता ओलांडत नाही, कॅरिसा."

ती हसली. मी विनोद केला असं तिला वाटलं.

आमची गल्ली जिथे संपते तिथून मालट्रकचा मोठा रस्ता जातो. त्याच्या पलीकडे एकच घर, ड्वेन प्रूइटचं. बाकीचे अंगठ्याएवढं चॉकलेट देतात, हा हातभर देतो. दानशूर! अंगणात छपराएवढा सांगाडा, शेजारी धूर सोडणारं यंत्र. धूर थेट रस्त्यावर. गाडीवाले सांगाडा बघतात, पोरं चॉकलेट बघतात, आणि आईबाप अलीकडे गाडीत बसून फोन बघतात. रस्ता तेवढा कुणीच बघत नाही.

हॅलोवीनच्या दुपारी मी त्याच्याकडे गेले होते.

"ड्वेन, चॉकलेटचं टेबल आमच्या बाजूला मांड. मी हात लावते."

"अहो मिसेस वोझनी, मग माझा सांगाडा जवळून कोण बघणार? महिनाभर खपलोय!"

"निदान धूर तरी बंद ठेव."

"धुरातच तर मजा आहे! आणि काळजी मलाही आहे हं, ही बघा पाटी." पाटीवर रक्त टपकणाऱ्या अक्षरांत 'सावकाश, भुतं रस्ता ओलांडत आहेत' असं लिहिलं होतं. धुरात ती पाटीच दिसत नव्हती. "तुम्हीपण या ना संध्याकाळी. तुम्हाला तर वेषाचीही गरज नाही."

दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण, म्हणून मला आदल्या दिवसाचा उपास होता. उपासात कुणाला टाकून बोलायचं नाही असा माझा नेम आहे. परतताना जपमाळेचे दहा मणी त्याच्या नावाने ओढले. देवाने ते जमेला धरले असतील असं वाटत नाही.

संध्याकाळी कॅरिसा चेटकीण होऊन पार्टीला गेली. तिची गाडी वळली तशी मी हॅटीच्या पाठीवर पट्टी टाचली आणि मुखवटा कपाळावर सरकवला. अलीकडची सगळी घरं झाली. मोठ्या रस्त्याशी येऊन पोरगी थबकली. तेवढ्यात दोन समुद्री चाचे आमच्या शेजारून धुरात घुसले. ट्रकने कचकन ब्रेक मारून भोंगा दाबला. चाचे वाचले. त्यांच्या बापाने गाडीतून मान वर केली, ती फोन कानाला लावायला.

"मीपण तशीच पळत जाईन, आजी. गाडी यायच्या आत."

धरलेला हात मी सोडला नाही. आज सोडला नाही तरी पुढच्या वर्षी ही एकटी येणार, आणि पळणार.

"तू हा रस्ता पळत ओलांडायचा नाहीस. आज नाही, कधीच नाही. मी आणून देते तुझं चॉकलेट."

"शप्पथ?"

"शब्द दिला."

"पण वेष लागतो. आणि 'ट्रिक ऑर ट्रीट' मोठ्यानं म्हणावं लागतं, नाहीतर ते देत नाहीत. मग मी पळणारच."

घरी आमचे हे दारात बसून गोड वाटत होते. ऐकून पोट धरून हसले. "तू? त्या ड्वेनच्या दारात? भिक्षा मागायला?"

"हॅटीकडे लक्ष ठेवा," मी म्हटलं.

कपाटातली पांढरी चादर काढून डोक्यावरून घेतली. तिला भोकं पाडली नाहीत. चेहरा उघडाच ठेवला, समोरच्याला डोळे दिसायला हवेत. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात उशीचा रिकामा अभ्रा. सिग्नल लांब, पेट्रोल पंपापाशी, आणि तिथून ड्वेनच्या घरापर्यंत नुसतं ओलं गवत. पोरीला मी त्यातून नेलं नसतं.

हॅटीने खिडकीच्या काचेला नाक लावलं होतं. मी बॅटरी लावली आणि लहानपणानंतर कधी न उच्चारलेले ते तीन शब्द जपासारखे पुटपुटत सिग्नलच्या दिशेने चालू लागले.