समोर चाफा असलेलं घर

मित्रांनो, मी भुईगावच्या राऊतांच्या घरातला म्हातारा टॅब. काचेला डाव्या कोपऱ्यात तडा गेलाय, चार्जरची वायर वाकडी धरली तरच पोटात वीज जाते आणि डोळ्यावर एक लाल टिकली चिकटवलेली आहे. डोळा म्हणजे माझा कॅमेरा. ती टिकली कशी आली, तेच सांगायचंय. सांगताना मला रडू येणार नाही, यंत्राला ते येतच नाही. खरं सांगू? त्या दिवसांत त्या घरातही कुणाला आलं नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, त्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते लॉकडाउनपासूनचं. शाळा बंद होत्या, म्हणून देवेंद्र राऊतांनी मला आपल्या मुलीसाठी, इशितासाठी आणलं. तेव्हा ती बालवर्गात होती. टीचर माझ्यातून गाणी म्हणायच्या आणि इशिता नाचायची. एकदा तिने वाडीतलं केळफूल उचलून माझ्यासमोर धरलं, तर सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. तिचे आजोबा, जगन्नाथ राऊत, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या टॅबमध्ये अख्खी शाळा मावते, बघा!" मला कोण अभिमान वाटायचा!

मग शाळा उघडल्या आणि माझी किंमत उतरली. शाळेतून एक कागद आला होता, मुलांना इंटरनेटवर कसं जपावं याचा. आईने, सुरुचीने, घाईघाईत खालची सहीची पट्टी फाडून दिली आणि उरलेला कागद घडी करून माझ्या कव्हरच्या खिशात खुपसला. दोन वर्षं तो माझ्या पाठीला टेकून होता. कुणी उघडला असेल तर शपथ! आई-बाबा कामाला, आजोबा वाडीत. दुपारी शाळेतून आली की इशिता आणि मी, दोघंच.

आता या घरची एक रीत सांगतो. आमच्याकडे लहान पोर दिसलं की मोठी माणसं विचारतात, "कोणाची गं तू?" आणि पोराने नुसतं नाव सांगून भागत नाही. बापाचं नाव, आजोबांचं नाव, आळी, घराची खूण, सगळं धडाधडा सांगावं लागतं. आजोबांनी इशिताकडून ते पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. "विचारलं की पूर्ण सांगायचं. अर्धवट सांगणं म्हणजे माजोरडेपणा." दारावर सुके बोंबील घेऊन येणारी रेजिना मावशी तिला चांगली ओळखायची, तरी दरवेळी मुद्दाम विचारायची, "कोनाची गो तू?" मग इशिता कमरेवर हात ठेवून सुरू व्हायची, "इशिता देवेंद्र राऊत, जगन्नाथ राऊतांची नात, विहिरीजवळचं घर, समोर चाफा!" मावशी पोट धरून हसायची.

इशिता चौथीत गेली तेव्हा माझ्यात घरं बांधायचा एक खेळ आला. खेळताना एकमेकांशी लिहून बोलता यायचं. तिथे 'परी दिदी' नावाचं कुणीतरी भेटलं. मी पाचवीत आहे, म्हणाली. तुझं घर किती छान बांधलंस, म्हणाली. आठवडाभर गोडगोड बोलली आणि मग विचारलं, "तू कुठली? घरी कोण कोण असतं?"

इशिताने शिकवल्याप्रमाणे पूर्ण सांगितलं. आळी, विहीर, चाफा, एवढंच काय, आजोबा वाडीत कधी जातात तेही. गणवेशातला फोटो मागितला, तोही पाठवला. माझ्याच डोळ्याने तो काढला. मला समजत होतं का? नाही, मित्रांनो. माझ्यावर जे दाबाल ते मी करतो.

एका दुपारी परी दिदीने लिहिलं, "दार लावून घे आणि व्हिडिओ चालू कर. कुणाला सांगायचं नाही." इशिताने नको म्हटलं. उत्तर आलं, "मग मी येईन. घर माहीत आहे मला. समोर चाफा."

ती ओरडली नाही. आईच्या आरशावरची टिकली काढून तिने माझ्या डोळ्यावर दाबली आणि मला गादीखाली सरकवलं. त्यानंतर दहा दिवस ती जेवायची, शाळेत जायची, गृहपाठ करायची, पण कशातच नसायची. ती मला बाहेर काढायची, आलेला मजकूर वाचायची, परत ठेवायची. बोटं गार असायची. एकदा ओटीवरून तिचा आवाज आला, "आजोबा, तो चाफा तोडा ना." आजोबा हसले, "वेडी की काय? फुलं लागलीत त्याला!"

मग रेजिना मावशी आली. टोपली उतरवता उतरवता नेहमीसारखं म्हणाली, "कोनाची गो तू?"

इशिता गप्प.

"अगं, इसरली काय? कोनाची तू?"

तरी गप्पच. आजोबांनी आधी दटावलं, "इशिता, मावशी विचारतेय ना?" आणि मग बहुतेक तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं असावं, कारण पुढचे शब्द त्यांनी गिळले. पावलं आत आली. तिने मला गादीखालून काढलं आणि नेऊन आजोबांच्या मांडीवर ठेवलं.

आजोबांनी चष्मा लावला. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलं. स्वतःचं नाव आलं तिथे बोट थांबलं. त्यांनी चष्मा काढून माझ्यावर ठेवला. मग म्हणाले, "तू काही चुकली नाहीस, बाय. मी शिकवलं तेच केलंस. कोणाला सांगायचं, ते शिकवायचं मीच विसरलो."

संध्याकाळी सुरुचीने मला हिसकावलं. "मेलं खाडीत फेकून देते! आधी पुसून टाकते सगळं." देवेंद्रने वर्गाच्या शॅनन टीचरना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काही पुसू नका, तोच पुरावा आहे. उत्तर देऊ नका, पोलिसांकडे जा. आणि तिला रागावू नका हं. आज रागावलात तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही." मग माझ्या खिशातला कागद निघाला. त्यावर अगदी हेच छापलेलं होतं. सुरुचीने तो पहिल्यांदाच पूर्ण वाचला.

मी दोन आठवडे पोलिसांकडे पिशवीत होतो. ती परी दिदी नव्हतीच, कुणी मोठा माणूस होता, एवढं कळलं. अजून सापडलेला नाही. आता मी बाहेरच्या खोलीत, सगळ्यांसमोर असतो. आजोबा शेजारी बसतात आणि खेळात कुणी आलं की विचारतात, "हा कोण?" ती म्हणते, "माहीत नाही." ते म्हणतात, "मग पुढे चल." टिकली मात्र ती काढू देत नाही.

आजोबा कोयता घेऊन चाफा तोडायलाही निघाले होते. तिने मान हलवली, "राहू दे." पण ओटीवरचा तो पाढा तिने पुन्हा म्हटला नाही. रेजिना मावशी आता येते, बोंबील देते आणि काही न विचारता जाते.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपल्या आत्मकथेच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. माझी काच फुटली तर दुसरी बसते. तुम्हाला कुणी म्हणालं ना, 'कुणाला सांगू नकोस', की तेच आधी घरी सांगा. आणि मोठ्यांनो, ते खिशातले कागद उघडा.

परवा खेळ बंद करून आजोबांनी मला बाजूला ठेवलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "कोणाची गं तू?"

ती त्यांना टेकून बसली. मग म्हणाली, "तुमची."