गुप्त घराचा बाण

घर गुप्त होतं. संस्थेच्या प्रत्येक कागदावर तसं ठळक अक्षरांत छापलेलंच होतं. नवऱ्याच्या, बापाच्या, भावाच्या माराला कंटाळून पळून आलेल्या अकरा जणी तिथं राहत. घर सांभाळणाऱ्या मावशी इतक्या जपून वागायच्या, की भाजीवाल्यालाही कोपऱ्यावरच गाठायच्या.

आणि एका सकाळी त्याच कोपऱ्यावर पाटी उगवली. निळी, चकचकीत. ‘पीडित महिलांचे गुप्त निवासस्थान’. वर अध्यक्षबाईंचा हसरा फोटो, खाली वेगळ्या पत्र्याचा लालभडक बाण.

मावशींनी अध्यक्षबाईंना फोन लावला. “ताई, पत्ता गुप्त ठेवायचा ना आपला?”

“म्हणून तर ‘गुप्त’ लिहिलंय! देणगीदारांना काम दिसायला नको?”

“अहो, अबोलीचा नवरा तिचा फोटो घेऊन दारोदार फिरतोय. इथं आला म्हणजे?”

“गोड बोलायचं. आपल्या पत्रकात पान चारवर सगळं दिलंय. आणि पाटी काढायची नाही हं, रविवारी उद्घाटन आहे.”

अबोली एकोणीस वर्षांची. आली तेव्हा आठ दिवस तोंडातून शब्द नव्हता, म्हणून हे नाव पडलं. दार वाजलं की वेणी घालता घालता तिचा हात थांबे, हात थांबला की श्वास थांबे. पाटी पाहून तिनं गाठोडं बांधलं.

“निघते मी. माझ्यापायी सगळ्यांना त्रास नको.”

“बस खाली. उंबरा ओलांडलास तर बघ!”

आता, काढायची नाही म्हणजे नाही. बाईंचा शब्द मोडायला मावशी काय वेड्या होत्या? त्यांनी स्टूल घेतलं, पाना घेतला आणि फक्त बाण फिरवला. समोरच्या गल्लीत. त्या गल्लीत घर एकच होतं, अध्यक्षबाईंचा बंगला.

शनिवारी दुपारी फोन खणाणला.

“मावशी! कुणीतरी फाटक हलवतोय! माझी बायको बाहेर काढा म्हणतोय! हातात काठी आहे!”

मावशींनी आधी दुसऱ्या फोनवरून चौकीला कळवलं. मग चष्मा लावला, पत्रक उघडलं.

“‘संतप्त पुरुषाकडे पाहून मंद स्मित करावे.’ केलंत का, ताई?”

“मावशी!”

“‘त्याचे मन जाणून घ्यावे.’”

“अहो, पोलीस बोलवा!”

“ते पान चारवर नाही. पण मी बोलावलेत. दार लावून आत बसा.”

“ती पाटी आधी उतरवा!”

“अगं बाई! आणि उद्याचं उद्घाटन?”

“उतरवा म्हणते ना!”

पोलिसांनी त्याला फाटकावरच धरला. संध्याकाळपर्यंत पाटी मागच्या अंगणात आली, दोन विटांवर आडवी पडली. बाईंचं मंद स्मित खाली, कोरी बाजू वर. अबोलीनं गाठोडं सोडलं, कपडे पुन्हा खुंटीला लावले आणि घासलेल्या भांड्यांची पाटी उचलून मागे आली.

“मावशी, हिच्यावर भांडी पालथी घालू?”

“घाल की. संस्थेचीच आहे.”

अबोली हसली. खुदकन, अगदी मोठ्यानं. भाजीवाल्याला कोपऱ्यावर ऐकू गेलं असेल, पण मावशींनी तिला ‘हळू’ म्हटलं नाही.