आट्टो फोलमारचं पान

रविवार उजाडला की माझ्या डोक्याला ताप सुरू होतो. नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या टूलरूममध्ये डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवण्याची नोकरी संपली आणि दुसऱ्या महायुद्धातले जर्मन बिल्ले जमवायचा नाद तेवढा उरला. तेव्हापासून "ढुंढिराजकाका, जरा हे बघा ना" करत कोणी ना कोणी दारात उभं असतंच. प्रत्येकाचा बिल्ला अस्सल असतो! मागे कारखान्याचा ठसा पाहावा, तर अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या गोल. साच्यात ओतून काढलेली नक्कल, दुसरं काय. खरा ठसा दाबून मारलेला असतो, त्याची कड नखाला लागते. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. लोक चहा पितात आणि म्हणतात, "पण विकणारा तर ओरिजिनल म्हणत होता."

गेल्या रविवारी स्नेहल आली. ही माझ्याच जुन्या कंपनीत आहे. सोबत तिची आजी, सिंधुबाई, सिन्नरकडच्या गावाहून आलेली. सिंधुबाईंनी पदराची गाठ सोडून बिल्ला माझ्या हातावर ठेवला आणि मी कपाळावर हात मारला.

जर्मन सैन्यात जखमी झालेल्यांना मिळायचा तो पितळी बिल्ला. मूळचा वरून काळा रंग दिलेला. हा लखलखीत पिवळा! आणि त्यावरच्या शिरस्त्राणावर जे नाझींचं चिन्ह असतं, त्यात भरलेलं कुंकू.

"स्वस्तिक हाय ना," सिंधुबाई म्हणाल्या. "जरा तिरकं काढलंय त्यांनी."

"आजी, हे घासलं कशानं?"

"चिंच आन् राख. दर वर्साला."

मी बिल्ला उलटा करून भिंग लावलं. ठशाच्या जागी जवळजवळ सपाट पत्रा. सुरुवातीचं एक अक्षर आणि खाली कुठेतरी अर्धी रेघ. माझा तोल गेला. जो ठसा बघून खरंखोटं ठरतं, नेमका तोच यांनी वर्षानुवर्षं चिंचेनं घासून टाकला होता. "आता मी काय बघू? तुमची चिंच बघू?"

स्नेहल घाईघाईने मध्ये पडली. गावच्या वेशीजवळ सैनिकांच्या नावांचा दगड बसतोय. तिचे पणजोबा कोंडाजी इटलीत लढून आले होते, पण त्यांचे कागद वाळवीने खाल्ले. आता भाऊबंदांतला गोरक्ष भर सभेत म्हणाला, की म्हातारा देवळालीच्या कॅम्पात बटाटे सोलत होता, समुद्र त्याने पाहिलाच नाही, आणि बिल्ला घरच्यांनी आत्ता कुठल्यातरी भंगारातून आणलाय. दगडावर कोंडाजीचं नाव घालायचं की नाही, ते त्याच संध्याकाळी ठरणार होतं.

"बिल्ला खरा निघाला म्हणून माणूस इटलीला गेला असं होत नाही," मी म्हणालो. दोनदा म्हणालो. दोघींनी ते ऐकून सोडून दिलं. मी हात टेकले.

"पण हा दर वर्षी घासायचा कशाला?"

"सर्वपित्रीला पुजाया लागतो ना," सिंधुबाई म्हणाल्या. "ज्याचा हाय त्याचं पान वाढतो आमी. तो खंदकात मरत व्हता, पानी मागत व्हता. मामंजींकडं थेंब नव्हता. हे त्यानं त्यांच्या हातात दिलं आन् गेला. मामंजी आले तवापासून त्याचं पान वाढायचे. आधी पानी, मंग भात. मामंजी गेले, आता मी वाढते."

"त्याचं? कोणाचं?"

"त्याचं नाव व्हतं ना मागं, गावासकट. तिथल्या गोऱ्या साहेबानं मामंजींना वाचून दिलं." त्यांनी डोळे मिटले आणि पितराला हाक मारावी तशा म्हणाल्या, "आट्टो फोलमार, मुक्काम लुडनशाईट."

मी पुन्हा भिंग लावलं. ते उरलेलं अक्षर 'ओ'च होतं, आणि अर्धी रेघ बरोबर गावाच्या जागी होती. माझी जीभ काही आवरली नाही.

"अहो, ओटो फोल्मर! लुडेनशाईड! हा तर कारखाना! माझ्याकडे त्यांचाच एक बिल्ला आहे. सुरुवातीला ते पूर्ण नाव मारायचे, नंतर नुसता आकडा. नकला करणारे सगळे आकडाच मारतात. खरा आहे हा, शंभर टक्के खरा! आणि हे नाव तुमच्या घरात किती वर्षं घेतात?"

"सगळ्या गावानं ऐकलंय," स्नेहल उठून उभीच राहिली. "गोरक्षकाका तर दर सर्वपित्रीला आमच्याकडंच जेवायला असतो! भंगारातून आत्ता आणला म्हणतो काय!" ती फोन घेऊन अंगणात पळाली. तिचा चढलेला आवाज आत ऐकू येत होता.

सिंधुबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"कारखाना म्हंजी?"

"म्हणजे बनवणाऱ्याचं नाव, आजी. आपल्या भांड्यांवर कंपनीचा छाप असतो ना, तसं."

"आन् त्या पोराचं?"

"ते बिल्ल्यावर नसतं."

त्यांनी माझ्या हातातून बिल्ला घेतला आणि मागच्या सपाट पत्र्यावरून अंगठा फिरवला. मला स्वतःचा संताप आला. एरवी लोकांना चार शब्द ऐकवायचे ते ऐकवतो, पण इथे थोडं थांबायला काय झालं होतं मला?

"एवढी वर्सं दुसऱ्यालाच हाका मारल्या मंग," त्या म्हणाल्या. "मामंजी मरताना बोलले व्हते, त्याचं पानी चुकवू नको. मी नाय चुकवलं." मग एकदम माझ्याकडे वळल्या. "तुमी रामकुंडावरल्या भटजीच्या घरातले ना? स्नेहल बोलली. तुमीच सांगा. पोचलं असंल का त्याला?"

वडिलांचा तो व्यवसाय मी कधीच केला नाही. जे भिंगाखाली दिसत नाही त्यावर माझा विश्वास नाही, हे मी उभ्या नाशकाला ऐकवत आलोय.

"पोचलं," मी म्हणालो. "पहिल्या वर्षापासून पोचलं."

त्यांनी विचारलं नाही, कशावरून. बिल्ला पुन्हा पदरात बांधला, माझ्या पायांना हात लावला आणि मोकळेपणी रडल्या.