मौन पाळल्यावर सरकणारी यंत्रणा

रुग्णवाहिका नियंत्रण कक्षातली निम्मी माणसं सर्व्हर खोलीच्या काचेला नाक लावून उभी होती आणि उरलेली आपापल्या टेबलाशी हात जोडून बसली होती. आत सर्व्हरच्या कपाटावर तळहात टेकवून, डोळे मिटून स्पर्शबाबा उभे. "यंत्रालाही प्राण असतो," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "प्राण देह बदलत असताना गलबला नको. कीबोर्ड सोडा, फोन बाजूला ठेवा. मौन!"

प्रसंग बाका होता. जुन्या सर्व्हरचा पंखा बंद पडला होता आणि फोन नोंदवून गाडी पाठवणारी आमची यंत्रणा त्याच्यावरच चालत होती. ती म्हणजे संगणकाच्या आतला संगणक. चालू असतानाच शेजारच्या सर्व्हरवर सरकवता येतो. पण आम्ही सरकवायला गेलो की ती नव्वद टक्क्यांवर अडून बसायची. बाबांनी हात लावला की मात्र निमूट सरकायची! नेटवर्क माझ्याकडे. दोन सर्व्हरमध्ये वेगळी तार हवी, असं सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला होता. साहेब म्हणायचे, "तुला तार लागते, बाबांना नुसता हात पुरतो." असा संताप यायचा म्हणून सांगू!

सरकल्याच्या टक्क्यांचा आकडा चढत होता, त्याच्याबरोबर सर्व्हरचं तापमानही. तेवढ्यात आमच्या सर्वांत जुन्या ऑपरेटर अक्का यांच्या टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. अक्कांनी तरीही उचलला.

"मुलगी श्वास घेत नाहीये हो!" बाईची किंकाळी मलाही ऐकू आली.

"लिहू नका!" बाबा गरजले. "यंत्राचा प्राण गेला तर दोष तुमचा!"

अक्कांची बोटं कीबोर्डवर थांबली.

कक्षाच्या डॉक्टरबाई ताडकन उठल्या. "इथं माणसाचा प्राण चाललाय! अक्का, पत्ता टाका. बाकीच्यांनीही फोन घ्या!"

गाडी निघाली. सगळे फोन, सगळे नकाशे एकदम सुरू झाले आणि आकडा नव्वदवर अडकला.

"पाहिलंत? श्रद्धा मोडली!" बाबा ओरडले.

"हात तर अजून तिथंच आहे तुमचा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मोडलं ते फक्त मौन." त्या माझ्याकडे वळल्या. "मौनात असं काय होतं रे?"

"तार मोकळी होते, बाई. फोन, नकाशे, रेकॉर्डिंग आणि हे सरकवणं, सगळं एकाच तारेतून जातं. त्यात चालू यंत्रणेची मेमरी सतत बदलते. आपण सामान बांधतोय आणि घरातली माणसं पिशव्या उपसून वस्तू काढताहेत, तसं. सगळे गप्प बसले की बांधाबांध उरकते."

साहेबांनी घाम पुसला. "मग जोड ना ती तार, बघतोस काय!"

दोन्ही सर्व्हरच्या रिकाम्या जागांमध्ये मी एक तार खोचली, दोन्ही टोकांना वेगळे नेटवर्क-पत्ते दिले आणि सरकवणं याच वाटेनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. डॉक्टरबाईंनी बाबांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि त्या अक्कांच्या टेबलाशी धावल्या. छाती कशी दाबायची ते त्या सांगत होत्या, अक्का फोनवर तेच शब्द त्या आईला पोचवत होत्या. कक्षात नुसता कल्लोळ होता. ऐंशी. नव्वद. आकडा पुढे गेला. शंभर! थोड्याच वेळात जुना सर्व्हर तापून बंद पडला, पण कुणाच्या कामात क्षणाचाही खंड पडला नाही.

आणि अक्कांच्या फोनमधून लहान मुलीचं रडणं ऐकू आलं. अक्कासुद्धा रडायला लागल्या.

नंतर डॉक्टरबाईंनी बाबांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं हे?"

बाबा खाली बघत म्हणाले, "पूर्वी मी नेटवर्कचंच काम करायचो. पण तार एकदा जोडली की मला पुन्हा कोण बोलावणार?"

म्हणून कळकळीनं सांगतो. चमत्कार दाखवणारा तुम्हाला गप्प बसायला सांगत असेल, तर तुमच्या गप्प बसण्यानं नेमकं काय होतं ते आधी विचारा. त्याचा हात काढून पाहा, मौन मोडून पाहा, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. त्या दिवशी अक्का गप्प बसल्या असत्या, तर यंत्रणा सरकली असती, बाबांचा जयजयकार झाला असता आणि ती मुलगी गेली असती.